दीड सूत, दोन सूत

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वार्षिकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा वर्गातल्या मैत्रिणींनी पाऊस, आई आणि मैत्री हे तीन विषय आपसांत वाटून घेतले. माझ्या वाट्याला काहीच उरले नाही. मग ज्या विषयातले मला खरोखर काही ठाऊक आहे, त्याच विषयावर लिहावे असे ठरवले. तो विषय म्हणजे सायकलच्या चाकातले छर्रे. मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थिनीने छर्‍यांवर लेख लिहावा याचे प्राध्यापक मंडळींना नवल वाटेल. पण आपल्या सायकल-स्टँडवर ज्या सायकली उभ्या असतात त्यांची मागची चाके धरून हलवून पाहा. निम्मी तरी डगडगतात. मी पाहिली आहेत. (पाहताना पहारेकरी काकांनी हटकलेही होते.)

माझ्यावर हा विषय कसा येऊन पडला ते आधी सांगते. आमचे गाव येरळेच्या पलीकडे, येथून चौदा किलोमीटरवर. एस.टी. आहे, पण ती आपल्या तासांच्या वेळा पाहून सोडलेली नाही. त्यामुळे बारावीपासून मी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, दांडीच्या सायकलवर येते. हीच सायकल घेऊन अण्णांनी वीस वर्षे दुधाचे दोन कॅन तालुक्याला पोचवले. पुढे डेअरीची गाडी गावात येऊ लागली आणि सायकल रिकामी झाली. ती मला मिळाली. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच. त्यामुळे घोडा नवा आणि खोगीर जुने, असा सगळा प्रकार आहे.

गेल्या वर्षी परीक्षेच्या आधी मागच्या चाकातून करकर येऊ लागली. सायकल एका दुकानात दिली. दुकानदाराने संध्याकाळी परत दिली, छर्रे नवे घातले म्हणून पैसे घेतले, आणि करकर बंद झाली. नऊ दिवसांनी पेपरला येताना, फरशीचा पूल ओलांडून चढाला लागले तोच मागचे चाक कट्‌कन वाजले आणि जाम झाले. पुढेही जाईना, मागेही येईना. पेपर नऊचा. मागचे चाक उचलून सायकल ढकलत मी तीन किलोमीटर आले आणि पंचवीस मिनिटे उशिरा परीक्षागृहात शिरले. हाताला काळे ग्रीस होते, ते उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर उमटले. शेवटचा चौदा गुणांचा प्रश्न राहून गेला. तो मला येत होता, हे येथे नोंदवून ठेवते.

त्या रात्री अण्णांनी अंगणात वर्तमानपत्र पसरून हब उघडला. उजव्या बाजूला सात छर्रे निघाले, डाव्या बाजूला आठ. हवे होते नऊ-नऊ. पंधरांतले चार चकचकीत, बाकीचे काळपट. एकाचे दोन तुकडे झालेले, आणि त्यातला एक तुकडा कोन आणि वाटी यांच्या मध्ये पाचर मारल्यासारखा बसलेला. अण्णा चौथी शिकलेले. त्यांनी तुकडा हातावर घेऊन पाहिला आणि म्हणाले, “पोरी, पैसं छर्‍यात वाचवू नगं. छर्‍यावर खर्च, मग हब वाचतंय.” बाकीचा लेख या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

प्रथम हबाच्या पोटात काय असते ते पाहू. चाकाच्या मध्यभागी जो नळकांड्यासारखा भाग असतो आणि ज्याला सारे आरे येऊन मिळतात, तो हब. त्याच्या दोन्ही तोंडांशी पोलादी वाट्या बसवलेल्या असतात. हबातून आरपार जाते ती एक्सल. एक्सलवर दोन्ही बाजूंनी निमुळते नट चढवलेले असतात, त्यांना कोन म्हणतात. वाटी आणि कोन यांच्या मध्ये जी गोल खाच राहते तिच्यात छर्रे फिरतात. बाहेरून चेकनट असतो, तो कोनाला जागचे हलू देत नाही. बस्स, एवढेच यंत्र. यात मोडण्यासारखे फार थोडे आहे, आणि जे झिजते त्यातली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे छर्रा.

स्वस्त आहे म्हणून साधा आहे असे मात्र नाही. चाकाच्या आसाभोवती गोळ्या घालाव्यात ही कल्पना फिलिप व्हॉन या वेल्समधल्या लोखंडवाल्याने 1794 साली पेटंट करून ठेवली होती, पण ती वापरात यायला सायकल यावी लागली. पॅरिसच्या ज्यूल सुरीरे यांनी 1869 मध्ये सायकलसाठी छर्‍यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ अशी शर्यत झाली, ती जेम्स मूर याने जिंकली. त्याच्या सायकलला असे छर्रे होते, असे सांगतात. अडचण एवढीच होती, की एकसारखे गोल छर्रे पुष्कळ प्रमाणात करता येत नव्हते. जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रिड्रिख फिशर यांनी 1883 मध्ये छर्रे घासून गोल करण्याचे यंत्र बनवले आणि ही अडचण सुटली. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1888 मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. आपल्याकडचा एवढा मोठा कारखानदार सायकलच्या दुकानातून पुढे आला, ही गोष्ट मला पाठ्यपुस्तकातल्या कित्येक गोष्टींहून जास्त धीर देते.

आजही छर्रे साधारण त्याच रीतीने होतात. पोलादी तारेचे तुकडे पाडतात, दोन साच्यांमध्ये दाबून त्यांची गोळी करतात. साच्यातल्या करंजीला राहते तशी त्या गोळीला मध्यावर कड राहते. ती घासून काढतात, मग भट्टीत तापवून तेलात बुडवून कठीण करतात, आणि शेवटी खाचा असलेल्या दोन तबकड्यांमध्ये घोळून गुळगुळीत करतात. छर्‍याच्या दर्जाचा जो आकडा असतो तो या शेवटच्या घोळण्याचा. ग्रेड 100 म्हणजे गोलाईत फरक फार तर एका इंचाच्या दहा लाखांश भागांपैकी शंभर भाग, म्हणजे अडीच हजारांश मिलिमीटर. ग्रेड 25 त्याच्या चौपट बारीक. ग्रेड 1000 मात्र दसपट ढोबळ. आकडा लहान तितका छर्रा चांगला, हे लक्षात ठेवले की पुरे. आपल्या परीक्षेच्या नेमके उलट.

आता झीज कुठे होते ते पाहू. लेखाचा हा भाग मला सर्वांत आवडतो.

अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक जवळजवळ साडेचारशे फेरे घेते. माझे येणे-जाणे अठ्ठावीस किलोमीटर, तेव्हा दिवसाला बारा हजार सहाशे फेरे. वर्षात दोनशे दिवस आले तर पंचवीस लाख वीस हजार. माझे वजन, दप्तर आणि सायकल मिळून जो भार होतो त्यातला निम्म्याहून अधिक मागच्या चाकावर येतो, आणि तो कोणत्याही क्षणी फक्त खालच्या दोन-तीन छर्‍यांवर असतो. छर्रा गोल, म्हणून तो कोनाला टेकतो ती जागा सुईच्या अग्राएवढी. एवढ्याशा जागेवर एवढा भार येतो म्हणून छर्रा, कोन आणि वाटी ही तिन्ही कठीण पोलादाची लागतात.

चाक फिरते तेव्हा हब आणि वाटी फिरतात, एक्सल आणि कोन मात्र जागच्या जागी उभे असतात. भार खालच्या बाजूला. वाटीचा प्रत्येक भाग पाळीपाळीने खाली येतो, भार घेतो आणि वर जातो. तिची झीज सगळीकडे वाटली जाते. कोनाच्या नशिबी अशी पाळी नाही. त्याची खालची बाजू पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत खालीच. म्हणून जुना कोन काढून पाहिला तर त्याच्या एकाच बाजूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात आणि दुसरी बाजू नव्यासारखी असते. आमच्या एक्सलवर मी हे पाहिले तेव्हा अण्णांना कारण विचारले. त्यांना कारण सांगता येईना, पण उपाय त्यांना ठाऊक होता. दर खेपेला हब उघडला की एक्सल अर्धा फेरा फिरवून बसवायची, म्हणजे कोनाची ताजी बाजू खाली येते. कारण मी कागदावर आकृती काढून शोधले. उपाय त्यांचा, कारण माझे. कोनाला नुसता पट्टा पडला असेल तोवर हा उपाय चालतो. खड्डे पडल्यावर नाही.

तेव्हा हब उघडल्यावर पहिली पाहणी कोनाची. चिंध्या आणि डिझेल घेऊन (रॉकेल आता आमच्या गावात मिळत नाही) सगळे स्वच्छ पुसावे. कोनावर छर्‍यांच्या वाटेचा एकसारखा चकचकीत पट्टा दिसला तर ठीक. पट्ट्यात टिंबे, खवले किंवा खरबरीतपणा असेल तर कोन गेला. डोळ्यांना संशय राहिला तर बॉलपेनचे टोक त्या पट्ट्यावरून अलगद फिरवावे. खड्डा असेल तर टोक अडखळते. बॉलपेनचे टोक म्हणजेही एक छर्राच की, वाटीत बसवलेला. वाटीवरही हेच पेन आतून फिरवावे. छर्‍यांची पाहणी करत बसू नये. ते एकदा बाहेर काढले की परत घालायचे नाहीत.

हा नियम पुष्कळांना उधळपट्टी वाटतो. पंधरांतले अकरा “चांगले” असताना टाकून का द्यायचे? त्या दुकानदारानेही बहुधा असाच विचार केला असावा. याचे उत्तर मला कंपासपेटीतल्या पट्टीने मिळाले. जाड पुस्तक उघडले की मधे जी घळ पडते तिच्यात छर्रे एकाला एक लावून ठेवायचे आणि बाजूने पट्टी धरायची. पाव इंची दहा नवे छर्रे साडेत्रेसष्ट मिलिमीटर भरले पाहिजेत, आणि भरले. आमच्या हबातले जुने दहा बासष्टवरच संपले. म्हणजे प्रत्येक जुना छर्रा सरासरी दीड दशांश मिलिमीटरने झिजलेला होता. (विज्ञान शाखेतून व्हर्नियर मागून आणून एकेक मोजून पाहिला, पण तिच्यावर दशांश मिलिमीटरपर्यंतच दिसते. पुस्तकाची घळ जास्त उपयोगी पडली.) आता अशा झिजलेल्यांमध्ये चार पूर्ण मापाचे छर्रे घातले तर काय होईल? सगळा भार ते चारच घेतील. बाकीचे नुसते बरोबर फिरतील. आमच्या अंगणात जो फुटलेला निघाला तो चकचकीत चारांपैकीच एक होता. जुना छर्रा टिकला आणि नवा फुटला, म्हणून नव्या छर्‍यांना नावे ठेवणारी माणसे आहेत. दोष छर्‍याचा नसतो, त्याला एकटे पाडण्याचा असतो.

याच कारणाने सगळे छर्रे एकाच डबीतले घ्यावेत. दोन निराळ्या डब्यांतले छर्रे, दोन्ही नवे असले तरी, मापाला केसभर कमी-जास्त असू शकतात. एका डबीतले मात्र एकमेकांशी जुळतात. दुकानात ग्रोसची, म्हणजे एकशे चव्वेचाळीस छर्‍यांची, डबी असते. तिच्यातून मोजून घ्यावेत. काउंटरवरच्या वाटीत सुटे पडलेले असतात ते घेऊ नयेत, मग कितीही चकाकत असोत. दोन-तीन जास्तीचे घ्यावेत, कारण ते हमखास घरंगळून चुलीमागे जातात.

मापाबद्दल. आपल्या साध्या काळ्या सायकलला पुढच्या हबात बहुधा दीड सूत आणि मागच्या हबात दोन सूत छर्रा असतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा शब्द सुतारांचा, तोच सायकलवाल्यांनीही घेतला आहे. दीड सूत म्हणजे तीन-सोळांश इंच, 4.76 मिलिमीटर, दोन सूत म्हणजे पाव इंच, 6.35 मिलिमीटर. पुढे बहुधा प्रत्येक बाजूला दहा आणि मागे नऊ बसतात. बहुधा म्हणते, कारण हब वेगळा असला तर संख्या बदलू शकते. म्हणून उघडतानाच प्रत्येक बाजूचे मोजून लिहून ठेवावेत, मात्र आधीच्या कारागिराने बरोबर घातले होते यावर विश्वास ठेवू नये. वाटीत ग्रीस भरून त्यात एकेक छर्रा बसवत जावे. कडेला कड लागून सगळे बसले आणि एका छर्‍यापेक्षा कमी फट उरली की संख्या पूर्ण झाली. शेवटचा दाबून घालावा लागत असेल तर तो जादा आहे. दोन छर्‍यांची जागा मोकळी दिसत असेल तर कुणीतरी हातचलाखी केलेली आहे. छर्रे कमी घातले तरी चाक फिरते, पहिले काही दिवस छानच फिरते, आणि म्हणूनच ही चलाखी खपते.

झिजलेला छर्रा नमुना म्हणून नेला तर दुकानदार मापाला लावून थोडा बारीक छर्रा देण्याचा संभव असतो. झिजलेल्याचे माप नेहमी कमीच भरते, तेव्हा त्याच्या लगतचे वरचे माप मागावे.

धातूबद्दल दुकानात दोनच शब्द ऐकू येतात, साधा आणि क्रोम. साधा म्हणजे कमी कार्बनच्या पोलादाचा. त्याची फक्त वरची साल कठीण केलेली असते, गाभा मऊ. क्रोम म्हणजे क्रोम स्टीलचा. त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते आणि तो आतपर्यंत कठीण असतो. हँडलवर जो क्रोमचा मुलामा असतो त्याच्याशी याचा काही संबंध नाही. चकाकीवरून क्रोम स्टील ओळखता येत नाही. दोन्ही छर्रे नवे असताना आरशासारखेच दिसतात, दोन्ही लोहचुंबकाला चिकटतात, आणि कानस दोघांवरूनही घसरते. फरक कळतो तो वापरून. साध्याची साल भाराखाली दबून फुटते आणि मग तो भराभर झिजतो. ऐरणीवर ठेवून हातोड्याने ठोकून पाहण्याची एक रीत कारागीर सांगतात. क्रोमचा छर्रा फुटतो, साधा चपटा होतो. परंतु कठीण छर्‍याची कपची गोळीसारखी उडते, तेव्हा डोळ्यांची पर्वा असणार्‍याने हा प्रयोग करू नये. त्यापेक्षा कंपनीची बंद डबी पाहून, तिच्यावर धातू आणि ग्रेड छापली आहे का हे वाचून घ्यावी. वाचता येणे हा एवढा तरी फायदा आपल्याला आहे. अण्णांना तो नव्हता, ते दुकानदाराच्या तोंडाकडे पाहून छर्रे घेत.

सायकलला क्रोम स्टील, ग्रेड 100 अगदी पुरेसा आहे. ग्रेड 25 मिळाला आणि किमतीत फार फरक नसेल तर अवश्य घ्यावा, पण आपल्या हबाची वाटी आणि कोन तेवढे बारीक घासलेले नसतात, तेव्हा त्यासाठी जिल्ह्याच्या गावी हेलपाटा घालण्यात अर्थ नाही. स्टेनलेसचे छर्रे गंजत नाहीत, हे खरे. पण स्टेनलेसचेही प्रकार असतात. भांड्याच्या जातीचे मऊ स्टेनलेस चाकात उपयोगाचे नाही, आणि कठीण जातीचे महाग पडते. सिरॅमिकचे छर्रेही निघाले आहेत, ते शर्यतवाल्यांनी घ्यावेत. मी मागच्या हबासाठी क्रोमचे वीस छर्रे घेतले. दोन-तीन चहांच्या पैशांत आले. ज्या बचतीपायी माझे चौदा गुण गेले ती बचत एवढीच होती.

कोनाची निवड छर्‍याहून अवघड, कारण तो नुसत्या मापाने घेता येत नाही. काळ्या सायकलच्या मागच्या एक्सलची जाडी तीन सूत आणि पुढची अडीच सूत असते, आणि आटे इंचाला सव्वीस. गिअरच्या नव्या सायकलींच्या मागच्या एक्सल दहा मिलिमीटरच्या असतात, त्यांचे आटे मिलिमीटरचे. दोन्ही शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना सारख्या दिसतात, पण एकीचा कोन दुसरीला लावू नये. शिवाय कोनाचा बाक वाटीशी जुळावा लागतो. म्हणून जुना कोन, शक्य तर अख्खी एक्सल, बरोबर घेऊन जावे. एक्सल, दोन कोन आणि नट असा तयार संच मिळतो. एक कोन गेला असेल आणि दुसरा जाण्याच्या बेतात असेल तर संचच घेतलेला बरा. घेताना कोनाच्या बाकावर बोट फिरवून पाहावे. मशीनचे ओरखडे नखाला लागत असतील तर दुसरा मागावा. सायकलींच्या सुट्या भागांचा मोठा व्यवसाय लुधियान्यात आहे. तिथून चांगला मालही येतो आणि हलकाही येतो, आणि दोन्ही एकाच रंगाच्या पाकिटात येऊ शकतात.

वाटी गेली तर मात्र प्रकरण वाढते. काही हबांच्या वाट्या ठोकून काढता येतात आणि तशा मिळाल्या तर बदलता येतात. नाहीतर हब बदलायचा, म्हणजे छत्तीस-चाळीस आरे सोडायचे, पुन्हा विणायचे आणि चाकाचा आऊट काढायचा. खर्चाची उतरंड आता ध्यानात येईल. छर्रे सर्वांत स्वस्त, कोन त्याहून महाग, आणि हब मजुरीसकट सर्वांत महाग. झीज मात्र उलट्या दिशेने चढत जाते. खराब छर्रा कोन खातो, खराब कोन पुन्हा छर्रे फोडतो, आणि त्यांचा चुरा वाटी खातो. खालच्या पायरीवर वेळेवर खर्च केला तर वरच्या पायरीवर पाय ठेवावा लागत नाही. आमचा हब वाचला, कारण चाक जाम झाल्यावर मी ते जोर लावून फिरवले नाही. त्यात अक्कल नव्हती, ताकद नव्हती एवढेच.

गिअरच्या सायकलवाल्या वर्गबंधूंचा एक प्रश्न नेहमी असतो. “हे छर्रे-बिर्रे कशाला? सील्ड बेअरिंग बसव की!” सील्ड बेअरिंग म्हणजे छर्रे, आतली कडी आणि बाहेरची कडी असा बंद डबाच. ते बिघडले की ठोकून काढायचे आणि नवे ठोकायचे. हबाला इजा नाही, कोन कसण्याची कटकट नाही, आणि रबरी सील असेल तर पाणी व धूळ पुष्कळ अडते. हे सगळे खरे आहे. पण त्यासाठी हबच त्या जातीचा लागतो, वाटी-कोनाच्या हबात ते बसत नाही. आणि त्यात आतले पोलाद दिसत नाही, तेव्हा विश्वास सगळा नावावर टाकावा लागतो. ज्यांच्या सायकलला तसा हब आहे त्यांनी बेअरिंगवरचा आकडा वाचायला शिकावे. 6000 असेल तर आतले भोक दहा मिलिमीटर, 6001 ला बारा, 6002 ला पंधरा, 6003 ला सतरा. पुढे 04 पासून शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचे. आकड्यामागे आर.एस. अक्षरे असली तर रबरी सील, झेड असेल तर पत्र्याचे झाकण. पावसापाण्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना रबर असलेले घ्यावे. आकडा तोच, म्हणून मोटारीचे सामान विकणार्‍या दुकानातही ते मिळू शकते, आणि तिथे चांगल्या कंपनीचे मिळण्याची शक्यता अधिक.

बाकी गोष्टी थोडक्यात. ग्रीस नवे आणि भरपूर घालावे. छर्रे कितीही चांगले असले तरी क्रोम स्टीलही गंजते, दीड टक्का क्रोमियम काही पाणी अडवत नाही. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना मी सायकल पाण्यातून ढकलत आणली आहे, आणि दुसर्‍या आठवड्यात हबातले ग्रीस ताकासारखे पांढरे निघाले आहे. असे ग्रीस दिसले की सगळे काढून पुन्हा भरावे. ट्रॅक्टरचे जळके ऑइल हबात सोडण्याची आमच्याकडे पद्धत आहे. अण्णांचीही होती. त्याने ग्रीस धुऊन निघते आणि ऑइलातली काळी माती आत राहते. या एका मुद्द्यावर आमचे पटले नाही. आता हब माझ्याकडे आणि चेन त्यांच्याकडे अशी वाटणी झाली आहे. जाता जाता, या सगळ्या दुरुस्तीला आपल्याकडे “सायकल ओव्हरऑइल करणे” म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉल. भाषेच्या तासाला सर असल्या शब्दांना अपभ्रंश म्हणतात, पण तेलाशी संबंध जोडणारा हा शब्द मला मुळाहून समर्पक वाटतो.

कोन कसताना घाई करू नये. आधी बोटांनी पूर्ण आवळावा, मग किंचित मागे घ्यावा, पान्याने कोन धरून ठेवून चेकनट आवळावा. चेकनट आवळताना कोन पुन्हा थोडा घट्ट होतो, म्हणून दोन-तीनदा कमी-जास्त करावे लागते. बरोबर बसले की नाही याची परीक्षा सोपी आहे. चाक उचलून व्हॉल्व्ह बाजूला, घड्याळातल्या तीनच्या जागी, आणून सोडावा. व्हॉल्व्हच्या वजनाने चाक आपोआप हळू खाली झुलले, आणि रिम धरून आडवी हलवली असता डगडगली नाही, तर काम झाले. चाक झुलत नसेल तर कोन जास्त आवळला आहे. आणि जास्त आवळलेला कोन ढिल्या कोनाइतकेच नुकसान करतो. शेवटी सीटला कान लावून चाक फिरवावे. फ्रेममधून आवाज थेट कानात येतो. नुसती घरघर आली तर हरकत नाही, पण फेर्‍यागणिक एकाच जागी टक्‌ असे ऐकू आले तर पुन्हा उघडावे.

आमचा हब त्या परीक्षेनंतर दोनदा उघडला आहे, दिवाळीत आणि जूनच्या आधी. छर्रे दोन्ही वेळा बदलले, उजवा कोन एकदा बदलला, वाट्या अजून मूळच्याच आहेत. ज्यांना आपले चाक पाहून घ्यायचे असेल त्यांनी शनिवारी चौथ्या तासानंतर स्टँडवर यावे. पट्टी, पाने आणि बॉलपेन माझ्याकडे आहे. छर्रे आणि ग्रीस आपापले आणावे. पहारेकरी काकांना मी सांगून ठेवले आहे. पहिले चाक त्यांचेच आहे.